ग्राफिक्स कार्डाचं नाव कसं वाचावं

एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०७० आणि आरटीएक्स ४०६० यांपैकी वेगवान कार्ड कोणतं? आकडा ४०६०चा मोठा आहे आणि कार्डही नंतरचं आहे. तरी बहुतेक गेममध्ये ३०७० पुढे असतं. या उदाहरणात कार्डाच्या नावांबद्दलची मुख्य गोष्ट आहे: नावातला आकडा मोजमाप नसतो, तो क्रमांक असतो. वर्गात आठवा आलेला मुलगा म्हटल्यावर त्याची इयत्ता कोणती, शाळा कोणती आणि गुण किती हे जसं कळत नाही, तसंच इथेही आहे. क्रमांक त्याच कंपनीच्या, त्याच पिढीच्या यादीतला असतो. त्या यादीबाहेर पाऊल टाकलं की तो फारसं काही सांगत नाही.

म्हणून नाव वाचायचं दोन टप्प्यांत. आधी नावाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा अर्थ लावायचा, मग नावात नसलेल्या चार-पाच गोष्टी तपासायच्या. पहिला टप्पा सवयीने दहा सेकंदांचा होतो. पैसे वाचतात ते दुसऱ्या टप्प्यात.

आधी नाव कोणी ठेवलं ते पाहा

कार्डाच्या खोक्यावर दोन कंपन्यांनी ठेवलेली नावं एकमेकांना चिकटलेली असतात. चिपची रचना करणाऱ्या मुख्य कंपन्या तीन: एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. त्या चिपभोवती बोर्ड, पंखे आणि वीजपुरवठ्याचे भाग बसवून कार्ड विकणाऱ्या कंपन्या मात्र पुष्कळ आहेत: आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर, पॉवरकलर, एक्सएफएक्स वगैरे.

एक लांबलचक नाव घेऊ: गिगाबाइट जीफोर्स आरटीएक्स ४०७० टीआय सुपर विंडफोर्स ओसी १६जी. यातलं 'गिगाबाइट', 'विंडफोर्स' आणि 'ओसी' बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं. 'जीफोर्स आरटीएक्स ४०७० टीआय सुपर' एनव्हिडियाचं. शेवटचा '१६जी' म्हणजे मेमरी. कार्डाची कुवत जवळजवळ सगळी मधल्या तुकड्यात आहे. पुढच्यामागच्या शब्दांनी आवाज, तापमान, आकार आणि वॉरंटी बदलते, वेग फार तर काही टक्क्यांनी. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत बहुधा 'गेमिंग', 'अल्ट्रा' असले शब्द असतात. ते बाजूला ठेवा आणि मधला तुकडा शोधा.

एनव्हिडियाचे आकडे

सध्याची पद्धत समजायला सोपी आहे. चार आकड्यांपैकी पहिले दोन पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतला दर्जा. १० म्हणजे २०१६ सालची पास्कल पिढी, २० म्हणजे २०१८ची ट्युरिंग, ३० म्हणजे २०२०ची अँपिअर, ४० म्हणजे २०२२ची एडा लव्हलेस आणि ५० म्हणजे २०२५ची ब्लॅकवेल. दर्जात ५० बहुधा सगळ्यात खालचा, मग ६०, ७०, ८० आणि शेवटी ९०. आरटीएक्स ५०७० म्हणजे ब्लॅकवेल पिढीतलं मधल्या फळीचं कार्ड.

एक अपवाद लक्षात ठेवा. जीटीएक्स १६ ही मालिका २०१९ साली, म्हणजे २० मालिकेनंतर आली. तिची पिढी ट्युरिंगच आहे, पण रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या आणि प्रतिबिंबं काढण्याचं) खास हार्डवेअर तिच्यात नाही. म्हणून आरटीएक्सऐवजी जुनं 'जीटीएक्स' आणि वीसपेक्षा लहान आकडा. त्यामुळे १६६० हे कार्ड १०६०च्या वर्षभर नंतरचं नसून जवळजवळ तीन वर्षं नंतरचं आहे.

त्याआधीची गोष्ट जुनं कार्ड विकत घेणाऱ्याला उपयोगी पडेल. १९९९ साली जीफोर्स २५६ आलं, मग जीफोर्स २, ३, ४. पुढे चार आकडी नावं आली: एफएक्स ५०००, ६०००, ७०००, ८०००, ९०००. दहा हजारावर जाण्याऐवजी २००८ साली कंपनी तीन आकड्यांवर उतरली: जीटीएक्स २८०, मग ४८०, ५८०, ६८०, ७८० आणि २०१४ साली ९८०. तिथून १०८०. म्हणून जीफोर्स ९८०० जीटीएक्स हे जीटीएक्स ९८०पेक्षा सहा वर्षांनी जुनं आहे, आकडा दहापट असला तरी. विक्रेत्याने घाईत नाव लिहिलेलं असेल तर एका शून्याने इतका फरक पडतो.

पिढीचा आकडा नवा म्हणून चिपही नवी, हे मात्र गृहीत धरू नका. २००२ सालच्या जीफोर्स ४ एमएक्समध्ये प्रोग्रॅम करता येणारे शेडर (चित्रातला रंग-प्रकाश ठरवणारे चिपचे भाग) नव्हते, जे आधीच्या जीफोर्स ३मध्ये होते. नाव पुढचं आणि क्षमता मागची. २००९चं जीटीएस २५० म्हणजे आधीचं ९८०० जीटीएक्स प्लसच. उलटा प्रकारही घडतो: लॅपटॉपमधल्या आरटीएक्स २०५० या चिपच्या नावात २० असलं तरी ती अँपिअर पिढीची आहे. नावं ठेवण्याचं काम विक्री विभागाचं असतं आणि त्याला इंजिनिअरिंगच्या पिढ्यांशी बांधून घ्यायची गरज वाटत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने मला हे गैर वाटतं. पण हे गेली वीस-पंचवीस वर्षं चालत आलंय, तेव्हा वाचणाऱ्यानेच सावध राहायला हवं.

टीआय, सुपर आणि दोन्ही

दर्जाच्या आकड्यानंतर काही नसेल तर ते साधं मॉडेल. 'टीआय' म्हणजे त्याच आकड्याची वरची पायरी. 'सुपर' म्हणजे बहुधा पिढीच्या मध्यावर आलेली सुधारित आवृत्ती. ४० मालिकेत ७० या एकाच आकड्याखाली चार कार्डं झाली: ४०७०मध्ये ५८८८ कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग), ४०७० सुपरमध्ये ७१६८, ४०७० टीआयमध्ये ७६८० आणि ४०७० टीआय सुपरमध्ये ८४४८. पहिल्या तिघांची मेमरी १२ जीबी आणि बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता, १९२ बिटची. शेवटच्याची मेमरी १६ जीबी, बस २५६ बिटची आणि चिपही वेगळी, म्हणजे ज्या चिपवर ४०८० बनतं ती. नावात एक शब्द वाढला, पण खाली सामान पूर्ण बदललं.

सुपर म्हणजे नेहमीच जास्त कोअर असंही नाही. जीटीएक्स १६६० आणि १६६० सुपर या दोघांत १४०८ कोअर आहेत. फरक मेमरीच्या प्रकाराचा: जीडीडीआर५च्या जागी जीडीडीआर६, त्यामुळे बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहितीची ने-आण करण्याचा वेग, सेकंदाला १९२ जीबीवरून ३३६ जीबीवर गेली. पण त्याच कुटुंबातल्या १६५० आणि १६५० सुपरमध्ये कोअर ८९६वरून थेट १२८०वर गेले. एकच शब्द, एकच मालिका, दोन वेगळे अर्थ. प्रत्ययावरून 'वरचं' एवढंच कळतं. 'किती वरचं' हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावं लागतं.

जुन्या कार्डांवर जीटी, जीएस, जीटीएस, अल्ट्रा, एलई, एसई अशी अक्षरं दिसतात. तेव्हा जीटीएक्स आणि अल्ट्रा वरच्या टोकाला, एलई आणि एसई खालच्या टोकाला असत. जीटीएक्सची आद्याक्षरं आधी आकड्यानंतर यायची, पुढे आकड्याच्या आधी आली.

एएमडी: इथे जरा थांबून वाचा

एएमडीच्या नावांचा प्रवास जास्त वळणांचा आहे, कारण दर काही वर्षांनी पद्धतच बदलली. कंपनीने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्स चिप बनवणारी कंपनी विकत घेतली, तेव्हा रेडिऑन हे नाव तिच्याकडे आलं. एटीआयने ९८०० मालिकेनंतर एक्स८०० काढलं. पुढे एक्स१८००, मग एचडी २०००पासून एचडी ७०००पर्यंत. २०१३ साली आर७ आणि आर९, २०१६ साली आरएक्स ४८०, पुढच्या वर्षी आरएक्स ५८०. त्याच सुमाराला व्हेगा ५६ आणि व्हेगा ६४ आली. त्यातले आकडे पिढी किंवा दर्जाचे नव्हते, चिपमधल्या कंप्यूट युनिटची, म्हणजे कोअरच्या गटांची, ती खरी संख्या होती. २०१९ साली आरएक्स ५७०० एक्सटीपासून पुन्हा चार आकडे: पहिला पिढीचा, दुसरा दर्जाचा. ५०००, ६०००, ७००० अशी ओळ नीट लागली असताना २०२५ साली ८००० ही मालिका वगळून थेट आरएक्स ९०७० एक्सटी आलं.

या शेवटच्या उडीत दर्जाचा आकडाही सरकला. आधी शेकड्याच्या जागी असलेला दर्जा (७६००, ७८००, ७९००) आता दशकाच्या जागी गेला: ९०६०, ९०७०. हेतू उघड होता. एनव्हिडियाच्या ५०६० आणि ५०७० यांच्याशेजारी ९०६० आणि ९०७० ठेवले की ग्राहकाला कोणाची तुलना कोणाशी करायची ते कळावं. माझ्या मते हा बदल वाचणाऱ्याच्या सोयीचा आहे, पण ७९०० एक्सटीवरून ९०७० एक्सटीकडे येणाऱ्याला सुरुवातीला गोंधळ होणारच. आणि ८००० कुठे गेली? ते आकडे प्रोसेसरच्या आत बसवलेल्या ग्राफिक्सकडे गेले. उदाहरणार्थ, रेडिऑन ८०६०एस हे सुटं कार्ड म्हणून मिळत नाही.

एएमडीचे प्रत्यय चढत्या क्रमाने असे: काहीच नाही, एक्सटी, एक्सटीएक्स. सोबत कधी कधी जीआरई. ७९०० या आकड्याखाली एक्सटीएक्समध्ये २४ जीबी मेमरी आणि ३८४ बिटची बस, एक्सटीमध्ये २० जीबी आणि ३२० बिट, जीआरईमध्ये १६ जीबी आणि २५६ बिट. म्हणजे अक्षरं तीन आणि कार्डंही खरोखरच तीन. उलट ७६०० आणि ७६०० एक्सटी यांच्यात युनिटं (एएमडीकडचे कोअर) सारखीच, २०४८. एक्सटीमध्ये मेमरी दुप्पट, म्हणजे १६ जीबी, आणि क्लॉक (चिपची गती) थोडा जास्त. एवढाच फरक.

फसगत होण्याच्या तीन जागा आहेत. पहिली शून्याची: आरएक्स ५५० आणि आरएक्स ५५०० एक्सटी, आरएक्स ५६० आणि आरएक्स ५६०० एक्सटी. यांच्यात दोन-तीन वर्षांचं आणि पूर्ण एका रचनेचं अंतर आहे. दुसरी, जुन्या चिपला नवं नाव देण्याची: २०१३चं आर९ २८०एक्स हे मूळचं एचडी ७९७०, तर एचडी ८००० मालिका बहुतांशी तयार संगणकांसाठी नव्याने नाव दिलेल्या चिपची होती. तिसरी, दर्जाच खाली सरकवण्याची. २००९ साली एचडी ५८७० वरच्या टोकाचं कार्ड होतं. पुढच्या वर्षी आलेल्या एचडी ६८७०मध्ये युनिटं १६००वरून ११२०वर आली आणि ते मागच्या ५८७०पेक्षा मंद होतं. ५८७०चा खरा वारस एचडी ६९७० होता. आकड्यात फक्त हजार मिळवून पुढचं कार्ड निवडणाऱ्याचं त्या वर्षी नुकसान झालं.

इंटेल

इंटेलचं थोडक्यात सांगता येतं, कारण पसारा अजून लहान आहे. आर्क या नावापुढचं अक्षर पिढीचं: ए म्हणजे अल्केमिस्ट (२०२२), बी म्हणजे बॅटलमेज (२०२४च्या अखेरीस). आकड्यातला पहिला अंक दर्जाचा: ३, ५ किंवा ७. म्हणजे ए७७० आणि ए७५० वरच्या दर्जाची, ए३८० खालच्या. बी५८० मधल्या दर्जाचं, १२ जीबी मेमरीचं. त्याचं धाकटं भावंड बी५७०, मेमरी १० जीबी. अक्षरं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने पुढे जातात, त्यामुळे कोणतं कार्ड आधीचं हे चटकन कळतं. तिन्ही कंपन्यांत मला हीच पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते. फक्त आर्क १४०व्ही, १४०टी अशी नावं दिसली तर ती लॅपटॉपच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची आहेत, सुटी कार्डं नव्हेत. आणि आकडा तोच असूनही व्ही आणि टी यांच्या रचना वेगळ्या आहेत.

आकड्याआधीचा शब्द कधीही सोडू नका

७६०० असं नुसतं लिहिलेलं दिसलं तर ते २००६चं जीफोर्स ७६०० जीटी असू शकतं किंवा २०२३चं रेडिऑन आरएक्स ७६००. ७९००चंही तेच: एनव्हिडियाचं २००६मध्ये, एएमडीचं २०२२मध्ये. रेडिऑन ९७०० प्रो २००२ साली आलं आणि रेडिऑन एआय प्रो आर९७०० २०२५ साली. ए४० नावाचं एनव्हिडियाचं डेटा सेंटरसाठीचं ४८ जीबीचं कार्ड आहे आणि आर्क प्रो ए४० हे इंटेलचं ६ जीबीचं छोटं कार्ड. प्रत्ययांचंही असंच: एटीआयच्या ९८०० एक्सटीमध्ये एक्सटी म्हणजे सगळ्यात वरचं, तर त्याच काळातल्या एनव्हिडियाच्या एफएक्स ५९०० एक्सटीमध्ये एक्सटी म्हणजे साध्या ५९००पेक्षा खालचं.

व्यावसायिक कार्डांत हा घोळ आणखी वाढतो. क्वाड्रो आरटीएक्स ६०००, आरटीएक्स ए६०००, आरटीएक्स ६००० एडा जनरेशन आणि आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेल ही चार वेगवेगळ्या पिढ्यांची चार कार्डं आहेत. मेमरी अनुक्रमे २४, ४८, ४८ आणि ९६ जीबी. बोलताना सगळ्यांनाच 'आरटीएक्स ६०००' म्हटलं जातं. ऑफिससाठी मागणी नोंदवताना पूर्ण नाव आणि मेमरी दोन्ही लिहा. टायटन एक्स नावाचीही दोन कार्डं आहेत, २०१५चं मॅक्सवेल पिढीचं आणि २०१६चं पास्कल पिढीचं.

नाव तेच, कार्ड वेगळं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाव अक्षरशः सारखं, फरक फक्त मेमरीच्या आकड्यात किंवा तिथेही नाही, आणि आतली चिप मात्र कापलेली: असे प्रकार अनेक झालेत.

जीटीएक्स १०६० सहा जीबी आणि तीन जीबी अशा दोन रूपांत आलं. ग्राहकाला वाटलं, फरक मेमरीचाच आहे. पण सहा जीबीवाल्यात १२८० कोअर होते आणि तीन जीबीवाल्यात ११५२. आरटीएक्स ३०८०चं उलटं: १० जीबीत ८७०४ कोअर आणि ३२० बिटची बस, नंतर आलेल्या १२ जीबीत ८९६० कोअर आणि ३८४ बिट. आरटीएक्स ३०६०च्या १२ आणि ८ जीबी आवृत्त्यांत कोअर सारखे आहेत, पण बस १९२वरून १२८ बिटवर आली. आरटीएक्स ३०५०च्या ८ जीबीत २५६० कोअर आणि १२८ बिट, तर २०२४मध्ये आलेल्या ६ जीबीत २३०४ कोअर आणि ९६ बिट.

मला सगळ्यात जास्त खटकलेलं उदाहरण जीटी १०३०चं. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं, बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती आली, बँडविड्थ १६.८ जीबी. दोन्हींची मेमरी २ जीबीच. म्हणजे खोक्यावरचा ठळक आकडाही सारखा. असं कार्ड घेणारा माणूस बहुधा बेताच्या पैशांत काहीतरी चालवू पाहणारा असतो, आणि त्यालाच वेग निम्म्याच्या आसपास मिळाला. एएमडीकडे आरएक्स ५८०च्या एका आवृत्तीत २३०४ऐवजी २०४८ युनिटं होती. तिला '२०४८एसपी' ही ओळख जोडलेली असते, पण जुन्या बाजारात ती अक्षरं सहज गळून पडतात.

एकदा मात्र ग्राहकांचा आवाज पोहोचला. २०२२च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने ४०८०ची १६ आणि १२ जीबी अशी दोन रूपं जाहीर केली. पहिल्यात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०, चिपही वेगळी. टीका इतकी झाली की ऑक्टोबरमध्ये १२ जीबीचं कार्ड बाजारात येण्याआधीच मागे घेतलं गेलं. २०२३च्या जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने आलं. कार्ड बदललं नाही, नाव बदललं, आणि नाव योग्य जागी आल्यावर तुलना करणंही सोपं झालं.

लॅपटॉप घेताना

लॅपटॉपमधल्या चिपला डेस्कटॉपचंच नाव मिळतं, मागे 'लॅपटॉप जीपीयू' एवढे शब्द जोडून. जाहिरातीत ते बहुधा नसतात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९०मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे. लॅपटॉपच्या ४०९०मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी, म्हणजे ती खरं तर डेस्कटॉपच्या ४०८०ची चिप, कमी विजेवर चालवलेली. ५० मालिकेतही असंच: डेस्कटॉपच्या ५०७०मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी, लॅपटॉपच्या ५०७०मध्ये ४६०८ आणि ८ जीबी. ४६०८ हा आकडा डेस्कटॉपच्या ५०६० टीआयचा आहे.

२०१६च्या आधी लॅपटॉपच्या चिपला 'एम' हे अक्षर असायचं: जीटीएक्स ९७०एम. १० मालिकेत ते काढलं. तेव्हा दोन्ही चिप बऱ्याच जवळ आल्या होत्या, म्हणून ते काहीसं रास्तही होतं. आता अंतर पुन्हा वाढलंय, पण अक्षर परत आलं नाही.

त्यातही एकच चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॉटवर चालते. लॅपटॉपच्या ४०९०साठी ही मर्यादा ८० ते १५० वॉट अशी आहे. कोणत्या लॅपटॉपने किती दिली हे नावात कुठेच नसतं. पूर्वी कमी विजेच्या आवृत्तीला 'मॅक्स-क्यू' म्हणत, त्यावरून निदान अंदाज यायचा. आता लॅपटॉप बनवणाऱ्याच्या तपशिलात 'टीजीपी' किंवा 'कमाल ग्राफिक्स पॉवर' शोधावी लागते. लॅपटॉप हाताशी असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिमच्या माहितीत हा आकडा मिळतो. हा आकडा कळल्याशिवाय दोन लॅपटॉपची तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे. एएमडीच्या लॅपटॉप चिपांत ६८००एससारखा 'एस' पातळ लॅपटॉपसाठी, आणि ७९००एमसारखा 'एम' जास्त विजेसाठी. पण ७८०एम, ८९०एम अशी तीन आकडी नावं मात्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची.

बोर्ड बनवणाऱ्याची नावं

प्रत्येक कंपनीची स्वतःची उतरंड असते. आसुसमध्ये ड्युअल खाली, टफ मधे, रॉग स्ट्रिक्स वर. एमएसआयमध्ये व्हेंटस, गेमिंग ट्रायो, सुप्रिम. सफायरमध्ये पल्स आणि वर नायट्रो प्लस. पॉवरकलरमध्ये फायटर, हेलहाउंड, रेड डेव्हिल. ओसी म्हणजे कारखान्यातूनच थोडा वाढवलेला क्लॉक. व्हेंटस २एक्स, ३एक्स यांतले आकडे पंख्यांचे.

या शब्दांपेक्षा खोक्याच्या कडेला छापलेला पार्ट नंबर जास्त नेमका असतो. जीव्ही-एन४०७०डब्ल्यूएफ३ओसी-१२जीडी: यात 'एन' म्हणजे एनव्हिडिया (एएमडी असेल तर 'आर'), मग मॉडेल, विंडफोर्सचे तीन पंखे, ओसी आणि १२ जीबी. आसुसचा ड्युअल-आरटीएक्स४०६०-ओ८जी: 'ओ' म्हणजे ओसी, मग ८ जीबी. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की नेमकं त्याच कार्डाचं पान उघडतं, आणि कॅबिनेटमध्ये बसेल की नाही हे कळण्यासाठी लांबीही तिथेच मिळते.

आता नावाबाहेरचं तपासा

चार गोष्टी पाहा: चिप, मेमरीचा आकार, बसची रुंदी आणि मेमरीचा प्रकार, आणि वीज.

एनव्हिडियाच्या चिपचं सांकेतिक नाव विक्रीच्या नावापेक्षा प्रामाणिक असतं. एडी१०२, एडी१०३, एडी१०४, एडी१०६, एडी१०७: सुरुवातीची अक्षरं रचनेची, आणि शेवटचा अंक जितका लहान तितकी चिप मोठी. ४०९०मध्ये १०२, ४०६०मध्ये १०७. एएमडीला हा नियम लावू नका. नावी २१ ही चिप नावी २४पेक्षा मोठी आहे, पण नावी ४८ ही नावी ४४पेक्षा मोठी.

बँडविड्थ स्वतःच काढता येते: बसचे बिट भागिले ८, गुणिले मेमरीचा वेग. ३०६० टीआय: २५६ भागिले ८ म्हणजे ३२, गुणिले १४, म्हणजे सेकंदाला ४४८ जीबी. ४०६० टीआय: १२८ भागिले ८ म्हणजे १६, गुणिले १८, म्हणजे २८८. नव्या कार्डात एल२ कॅशे (चिपच्या आतलीच वेगवान मेमरी) खूप मोठी असल्याने हा तोटा बराचसा भरून निघतो, पण उंच रिझोल्यूशनवर तो जाणवतो. म्हणूनच ४०६० टीआय मागच्या पिढीच्या ३०६० टीआयपेक्षा फार पुढे गेलं नाही.

कोअरची संख्या फक्त एकाच पिढीत, एकाच कंपनीत तोलायची. २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर आणि ३०७०मध्ये ५८८८, तरी वेग जवळजवळ सारखा, कारण अँपिअरमध्ये कोअर मोजण्याची पद्धतच बदलली. ४०७०मध्येही ५८८८च आहेत, पण क्लॉक खूप जास्त असल्याने ते ३०७०ला बरंच मागे टाकतं. 'नवं सत्तर म्हणजे जुनं ऐंशी' हा ठोकताळा कधी जमतो, कधी चुकतो. तो वापरण्याऐवजी तुम्ही जो गेम किंवा जे सॉफ्टवेअर चालवणार, त्यातल्या दोन-तीन स्वतंत्र चाचण्या पाहा. चाचणीतल्या कार्डाची मेमरी तुमच्या कार्डाइतकीच आहे ना, हे मात्र आधी बघा.

कार्ड वापरलेलं असेल तर जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवून पाहा. त्यात चिपचं सांकेतिक नाव, शेडरची संख्या, बसची रुंदी, मेमरीचा प्रकार आणि डिव्हाइस आयडी एका खिडकीत दिसतं. आयडीचा पहिला भाग कंपनीचा असतो: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा भाग त्या चिपचा. लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा हीच माहिती देते. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचा बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ती १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार झालेत. विंडोजमध्ये तेव्हा खोटंच नाव दिसतं, जीपीयू-झेड मात्र अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे 'फेक' असं लिहितो.

समजा, कोणी 'आरटीएक्स ३०६०, ओसी, दोन पंखे' एवढंच लिहून कार्ड विकायला काढलंय. पिढी अँपिअर, दर्जा मधला, प्रत्यय नाही, म्हणजे टीआय नाही. ओसी आणि पंखे सोडून द्या. पहिला प्रश्न विचारा: मेमरी १२ की ८? उत्तर काहीही आलं तरी जीपीयू-झेडच्या खिडकीचं छायाचित्र मागा आणि त्यात बसची रुंदी वाचा. १९२ असेल तर बँडविड्थ ३६० जीबी, १२८ असेल तर २४०. मग कार्डाच्या मागच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो मागून त्यावरचा पार्ट नंबर कंपनीच्या पानाशी जुळवा. खिडकी, स्टिकर आणि विक्रेत्याचं म्हणणं ही तिन्ही एकमेकांशी जुळली की मग भावाचं बोला.